सुई, दाभण आणि बांबूची काडी

नागपूरहून चंद्रपूरकडे निघालात की वाटेत वरोरा लागते. गावापासून थोड्याच अंतरावर आनंदवन आहे. बाबा आमटे आणि साधनाताई यांनी 1949 साली महारोगी सेवा समितीचे काम सुरू केले आणि 1951 साली विनोबाजींच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. येणारे पाहुणे तिथली शेती पाहतात, विहिरी पाहतात, हातमाग पाहतात. शेतकऱ्याने पाहावे असे तिथे पुष्कळ आहे. या खेपेला मात्र आपण एक लहानशी वस्तू पाहू. ती म्हणजे शिवणाची सुई.

आपल्या घरातली पोर शिवायला बसली की पहिले दोन दिवस बोटे टोचून घेते. सुई बोचली की हात आपोआप मागे येतो आणि बोट शहाणे होते. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या बोटाला ही सोय नाही. सुई रुतली तरी कळत नाही. कापडावर रक्ताचा डाग दिसतो तेव्हा कळते. जखमेकडे दुर्लक्ष झाले की ती चिघळते, आणि पुढे बोटावरच येते. असा माणूस शिवणार तर डोळ्यांनी शिवणार. त्याने बोटात अंगुस्तान घालावे, काम उरकले की उजेडात एकेक बोट फिरवून पाहावे.

ही गोष्ट आपल्याही उपयोगाची आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत आजही या रोगाचे नवे रोगी सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्याला स्पर्श कळत नसेल, किंवा शिवताना बोटाला सुई लागल्याचे समजत नसेल, तर लपवू नये. घरी सुई टोचून परीक्षाही घेऊ नये. सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. औषध फुकट मिळते, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावे लागते आणि रोग बरा होतो. वेळेवर गेले तर बोटे शाबूत राहतात.

चंद्रपूर सोडून मूल, सावलीच्या वाटेने पुढे गेले की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागतात आणि वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. 1982 साली जिल्हा वेगळा झाला, पण धान दोन्हीकडे तेच, रानही तेच. या झाडीपट्टीतल्या बाईला शिवण येत नाही असे म्हणणे मला पटत नाही. ती पत्रावळ लावते ना! पळसाची पाने एकावर एक ठेवायची आणि बांबूची बारीक काडी आत-बाहेर काढून उरलेली मोडून टाकायची. कापडावरचा धावदोरा याहून निराळा काय आहे? टाके फार जवळ घेतले तर पान फाटते, फार लांब घेतले तर वरण गळते. जुन्या, विरलेल्या लुगड्याला हाच नियम. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली, तेव्हा या काडीची किंमत थोडी तरी वाढायला हवी होती.

कापडावर सुरुवात करताना दोरा कोपरापासून बोटांपर्यंतच्या मापाच्या दुपटीहून लांब घेऊ नये. लांब दोरा गुंततो. आधी धावदोरा घालून कापड जागेवर बसवावे. मग जिथे ताण येतो, म्हणजे काखेत, खिशाला, पिशवीच्या तळाला, तिथे उलटी टीप घालावी. सुई एक टाका मागे आणि दोन टाके पुढे, एवढेच. काठ दुमडून हेम घालताना खालच्या कापडाचे एकदोन धागेच उचलावेत. सरकारी योजनेतून शिलाई मशीन घरी आले तरी हे आधी हाताने यावे. दोरा तुटला की मशीन तसेच पडून राहते.

पुरुषांनी हसू नये. धान भरल्यावर बारदान्याचे तोंड दाभण-सुतळीने तेच शिवतात. तोंड दुमडून घेतात, दोन्ही कोपऱ्यांना धरायला कान सोडतात. ज्याला पोते नीट शिवता येते त्याला शर्टाचे बटण लावता यायला हरकत नाही.

गडचिरोलीहून आलापल्ली, आणि तिथून दाट रानातून भामरागड. अलीकडेच हेमलकसा लागते. बाबा आमटे यांनी 1973 साली इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो चालवला. वीज नव्हती त्या दिवसांत अस्वलाने फाडलेले माडिया रोगी इथे येत आणि त्यांच्या जखमा शिवल्या जात. जखम शिवताना डॉक्टर बहुधा प्रत्येक टाक्याची गाठ वेगळी मारतात. एक टाका सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात, आणि पू झालाच तर तेवढाच टाका उघडता येतो. सलग दोऱ्याने शिवलेले पोते एका ओढीत उसवते हे आपण खळ्यावर पाहतोच. तेव्हा पोराच्या दप्तराचा पट्टा शिवाल, किंवा मोहफुले आणायच्या झोळीचा बंद, तर दर तीनचार टाक्यांना एक गाठ मारून पुढे जावे. दोरा थोडा जास्त लागतो, लागू द्यावा.