मागचा आवाज

कट दिसला तर कोणी काही बोलत नाही. ऐकू आला की मात्र बघणारा दचकतो. घरच्या क्लिपा जोडताना माझा सगळा जीव त्या एका जागी अडकलेला असतो. मावशीच्या फोनवर कूलर चालू, काकांच्या फोनवर बंद. ओसरी तीच, माणसं तीच, पण सांध्यावर घर बदलल्यासारखं वाटतं. तो सांधा बुजवायला कोणी न बोलतानाचा नुसता खोलीचा आवाज लागतो. तो कोणी घेत नाही, बोलणं संपलं की अंगठा बटणावर. मग दोन वाक्यांच्या मधल्या श्वासातून अर्ध्या-पाऊण सेकंदाचे तुकडे काढायचे आणि एकापुढे एक लावायचे. सारख्या लांबीचे लावले तर पंख्याला ताल येतो. म्हणून लहान-मोठे करायचे, एखादा उलटा फिरवायचा.

हे मी विंडोज एक्सपीतल्या मूव्ही मेकरवर शिकलो. गाण्यासाठी खाली एकच पट्टी. पण व्हिडिओची क्लिप त्या पट्टीत सोडली की चित्र जायचं, आवाज राहायचा. एवढ्या भांडवलावर मी कितीतरी बारशी, जावळं जोडली. १० जानेवारी २०१७ला मायक्रोसॉफ्टनं मूव्ही मेकर देणंच बंद केलं. आता शॉटकट वापरतो. फुकट आहे, पट्ट्या हव्या तेवढ्या. लग्नाचं शूटिंग करणारी पोरं मोठमोठ्या सॉफ्टवेअरवर बसतात, हातही माझ्यापेक्षा चलाख, आणि पहिलं काम काय करतात, तर मूळ आवाज बंद करून गाणं चढवतात. अख्ख्या लग्नात नवरीच्या आईचा एक शब्द ऐकू येत नाही. याचा मला मनापासून राग आहे. माणूस गेल्यावर घरचे येऊन विचारतात ते हेच, की त्यांचं बोललेलं काही आहे का.

२९ ऑगस्ट २०२३ला आमच्या अंतरवालीत मनोज जरांगे पाटलांचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण सुरू झालं, आणि पुढे कितीतरी दिवस भोंग्याचा आवाज घरात येत राहिला. त्याच दिवसांतल्या एका बारशाच्या क्लिपा माझ्याकडे आल्या. पुढे पाळणा म्हणणाऱ्या बाया, मागे भाषण. मधला रेंगाळलेला भाग काढला की मागचं वाक्य तुटायचं. पंख्याला ठिगळ लावता येतं, भाषणाला कुठून लावणार? घरचे म्हणाले, मागचं काढून टाका, गाणं लावा. मी नाही म्हटलं. आपलं नाव ठेवलं तेव्हा गावात काय चाललं होतं, ते त्या पोरीला मोठेपणी ऐकू यायला हवं. शेवटी एका लांब क्लिपचा आवाज अखंड खाली ठेवला आणि इतर फोनांतली चित्रं वर बसवली, कोणाचे ओठ दिसणार नाहीत अशी: पाळण्याची दोरी, ओटीतला नारळ, घुगऱ्या वाटणारे हात. एकही वाक्य तुटलं नाही. ते बारसं मी अजून आल्यागेल्याला दाखवतो. बघणारा पोरीकडे बघतो आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे. सांधा कळू नये म्हणून धडपडायचं आणि तो किती छान लपलाय हे कोणीतरी म्हणावं, याचीही आस धरायची, असा माझा स्वभाव आहे.

यंदा कान उतरले. बारीक आवाज आधी गेले. पंख्याची घरघर येते, फोनच्या माईकची सळसळ येत नाही. पडद्यावर आवाजाची लाट दिसते, पण सळसळ कुठं तुटली ते लाटेवरून कळत नाही. म्हणून भाची शेजारी बसते. "मामा, इथं कळतंय," म्हणते, आणि तिथं मला काहीच कळत नसतं. मी तिला पुढच्या क्लिपचा आवाज चित्राच्या आधी आत घ्यायला सांगतो. ती दोन्ही एकदम कापते. तिचं म्हणणं, दोन फोन होते तर होते, लपवायचं कशाला? मला हे पटत नाही. परवाच्या जावळाच्या आम्ही दोन प्रती केल्या, एक तिची, एक माझी. घरच्यांनी तिची नेली. तिच्या प्रतीत आत्याचं हसू सुरुवातीलाच कापलं गेलंय, आणि एवढं ऐकायला माझा कान अजून पुरतो.