वाल्डॉर्फच्या रानात बाप आठवताना

डोंगरवेड्या बापाला आठवायला जर्मनीतलं वाल्डॉर्फ हे गाव वरवर पाहता मुळीच सोयीचं नाही. ऱ्हाइनच्या खोऱ्यातला हा सपाट मुलूख. पूर्वेला ओडनवाल्डच्या टेकड्यांची निळसर कड, बाकी पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचे वाळूचे वरंबे, पाइनची रानं आणि 1977 पासून इथे नांदणारी सॅप ही सॉफ्टवेअर कंपनी. तिच्या ओढीने आलेली मराठी घरं इथे आता रुळली आहेत. यातल्या कुणाचा बाप जन्मभर रविवार उजाडला की सॅक पाठीला लावून राजगड नाहीतर हरिश्चंद्रगड गाठणारा असतो. तो गेल्यावर त्याला आठवायचं कुठे? फोटोला हार घालता येतो, तिथी पाळता येते, सुट्टीत जाऊन त्याचा आवडता गड चढता येतो. हे सगळं करावंच. पण अशा माणसाची खरी आठवण वाल्डॉर्फच्याच रानात, पायी चालून राखली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. रान म्हणजे काही कुठलंही रान नव्हे. भाद्रपदात पितृपंधरवड्याच्या सुमाराला सह्याद्रीचे माथे सोनकीने पिवळे होतात, कड्यांवरून अजून पाणी गळत असतं. इथे त्याच दिवसांत पाइनच्या सुयांखालून अळंबी वर येतात, पायाखाली कोरडी वाळू. यात बाप कुठून दिसणार? पण गोनीदांकडे पाहा. गो. नी. दांडेकर जन्मले 1916 साली परतवाड्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी. लहानपणीच घर सोडलं, नर्मदेची परिक्रमा केली, मग तळेगाव दाभाड्याला स्थिरावून गडांमागून गड पालथे घातले. ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी लिहिताना राजमाची त्यांच्या अंगात इतकी भिनलेली होती, की ती त्यांची जन्मभूमी नव्हे हे वाचकाच्या ध्यानातही येत नाही. सह्याद्री त्यांना वारशाने मिळाला नव्हता, चालून चालून त्यांनी तो आपलासा केला. रानाशी नातं असंच जुळत असेल, तर परक्या रानाशी ते जोडण्यात बापाशी प्रतारणा कसली? त्यानेही तेच केलं असतं.

वाल्डॉर्फचं रान या कामाला कमी पडत नाही. शेजारच्या सांडहाउझनला हिमयुगाच्या अखेरीस वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत. नदीपासून दूर, रानाच्या कडेला, आता जपून राखलेल्या. शिवाय जर्मनीच्या 1975 च्या वनकायद्याने खासगी रानातही फिरायची मुभा सगळ्यांना दिली आहे. पोराचा हात धरून वाटेला लागायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: इथला प्रत्येक जण रविवारी रानात फिरतो, त्याला स्मरण कसं म्हणायचं? वडिलांना आठवायचं म्हणजे त्यांनी मागे ठेवलेलं काम हाती घ्यायचं, हे याचं उत्तर. गोनीदांच्या कन्या वीणा देव आणि त्यांच्या घरच्यांनी गोनीदांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन वर्षानुवर्षं केलं, गावोगावी नेलं. वाल्डॉर्फनेही आपल्या एका दूर गेलेल्या मुलाला त्याच्या देण्यातूनच लक्षात ठेवलं आहे. 1763 साली इथे खाटकाच्या घरी जन्मलेला योहान याकोब आस्टर अमेरिकेत कातड्यांच्या व्यापारावर गडगंज झाला आणि गावातल्या गोरगरिबांसाठी पन्नास हजार डॉलर ठेवून गेला. त्यातून 1854 मध्ये आस्टरहाउस उभं राहिलं. रानावर माया करणाऱ्यांत मी त्याला धरणार नाही, बीव्हर मारून आणलेल्या कातड्यांवर त्याचं वैभव उभं होतं. पण त्याच्यामागे पैसा होता, गोनीदांमागे पुस्तकं. साध्या भटक्या बापामागे यातलं काहीच नसतं. पहाटे उठणं, पाण्याचा अंदाज, पक्ष्याचा आवाज आला की जागच्या जागी थांबणं, वाटेतल्या प्रत्येक झाडाची ओळख करून देणं, एवढीच त्याची कमाई. ती चालण्याखेरीज दुसऱ्या कशात उतरतच नाही.

एक गोष्ट मात्र खरीच हरवते. आजोबांना कारवी आणि हिरडा डोळे मिटून ओळखता यायचे. वाल्डॉर्फमध्ये वाढणाऱ्या नातवंडांना त्या झाडांचा उपयोग नाही आणि इथली बीच, ओक, बर्च ही झाडं आईबापांनाच अनोळखी. तेव्हा आधी त्यांनीच ती शिकायची आहेत, सालीवरून, पानांवरून, आजोबा शिकवत तशी.