संमतीपत्र

फाईल माझ्या हातात देताना दादा एवढंच म्हणाला, "सही घेतल्याशिवाय कुणाचाही चेहरा कॅमेऱ्यात येता कामा नये."

दादा म्हणजे आमचा दिग्दर्शक. आमच्याच कॉलेजचा, दोन वर्षं पुढचा. २०२३ मध्ये मुंबईत कॉमिक्सवेड्यांचा एक मेळावा भरला होता, त्यावर तो वीस मिनिटांचा माहितीपट करत होता. आम्ही चौघं, पैसे कुणालाच नाहीत. दुपारी वडापाव आणि शेवटी पडद्यावर नाव, एवढीच कमाई. चिपळूणला अब्बांना मी 'कॉलेजचं काम' म्हणून सांगितलं होतं. कुर्ल्यात ज्या फुफीकडे मी राहते, तिला तेवढंही नाही.

असे मेळावे मूळचे अमेरिकेतले. सॅन डिएगोचा प्रसिद्ध मेळावा १९७० साली सुरू झाला. आपल्याकडे पहिला कॉमिक कॉन भरला तो २०११ च्या फेब्रुवारीत, दिल्ली हाटमध्ये. हे सगळं मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. दारातच एक स्पायडरमॅन मुखवटा नाकापर्यंत उचलून पाणी पीत होता आणि त्याची आई शेजारी त्याचे बूट धरून उभी होती. मला एकदम हायसं वाटलं.

माझ्याकडे संमतीपत्रं आणि आवाज. लांब दांडीला माइक बांधून तो बोलणाऱ्याच्या डोक्यावर, पण चौकटीबाहेर धरायचा. तासाभरात खांदे भरून आले. त्या गोंगाटात दांडीच्या माइकचा निभाव लागेना, तेव्हा दादानं कपड्याला लावायचा छोटा माइक काढला. पण ओढणीवर तो लावला की प्रत्येक हालचालीला खसखस ऐकू येते. इथं माझी विद्या कामी आली. स्कार्फ बांधून बांधून कापडाची घडी कुठं सरकते आणि कुठं सरकत नाही, हे मला पाठ आहे. माझ्याच दोन टाचण्या काढून मी माइक बसवला. दादानं हेडफोन कानाला लावला आणि नुसती मान डोलावली.

ही ओढणी होती कमला खानची. म्हणजे तो वेष घेतलेल्या एका मुलीची. कमला खान ही जर्सी सिटीतली पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी, कॉमिक्समधली मिस मार्व्हल. २०१४ पासून तिची स्वतःची मालिका निघू लागली. या मुलीनं निळ्या कुर्त्यावर पिवळी वीज हातानं शिवली होती, टाके उलटसुलट. २०२२ च्या पडद्यावरच्या मालिकेत कमला घरच्यांना चुकवून अशाच मेळाव्याला जाते. तिचे अब्बू हिरवे होऊन बरोबर यायला तयार असतात आणि तिला त्याचीच लाज वाटते. तो प्रसंग सांगताना ही मुलगी हसता हसता गप्प झाली. मग म्हणाली, "माझे अब्बू तयार झाले असते, तर मला लाज नसती वाटली."

दादाचे डोळे चमकले. दिवसभरात मिळालेलं हे सर्वांत चांगलं वाक्य होतं. सही मी घेतलीच होती.

संध्याकाळी ती पुन्हा आली. मुखवटा काढलेला, अंगावर साधा सलवार-कमीज, वेष पिशवीत. "ताई, माझं बोलणं काढून टाकाल का?" मी म्हटलं, चेहरा धूसर करता येतो, फक्त आवाज ठेवू. ती म्हणाली, "आवाज तर अम्मी आधी ओळखेल."

मी फाईल उघडली. सही होती, वयाचा रकाना कोरा. मीच विचारायला विसरले होते. आता विचारलं तर म्हणाली, सतरा. अठराच्या आतल्या मुलीची सही कायद्यानं चालत नाही, पालकांची लागते. आणि पालकांचीच तर गोष्ट होती.

खरं सांगायचं तर क्षणभर मनात आलं, की कोरा रकाना फक्त मी पाहिला आहे. तिथं आकडा लिहायला कितीसा वेळ लागतो? वाक्य राहिलं असतं, माझी चूकही झाकली गेली असती. मी कागद तसाच दादापुढे धरला.

"वय विचारलं होतंस?"

"नाही."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग तिच्यासमोरच कॅमेऱ्यातलं ते चित्रण पुसलं आणि मला सांगितलं, "आवाज तुझ्याकडे आहे, तो तू पूस." माझ्यावर तो दोन दिवस धुमसत होता, बरोबरच होतं त्याचं. रेकॉर्डरचं बटण दाबण्यापूर्वी मी तिला हेडफोन दिला. तिनं एकदा सगळं ऐकलं आणि परत केला. टाचण्या मात्र तिच्या ओढणीबरोबर गेल्या.

रात्री कुर्ल्याला पोचायला साडेदहा झाले. स्कार्फ सैल पडलेला, गळ्यात अजून ते ओळखपत्र. फुफी दारातच होती. मी बसून तिला सगळं सांगितलं, स्पायडरमॅनच्या आईपासून. ती मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी ओळखपत्र उलटंपालटं करून म्हणाली, "आणि चिपळूणला कधी सांगणार?"

मी म्हटलं, उद्या.

"उद्या कशाला? भाईजान अजून जागे असतील," म्हणत तिनं स्वतःचा फोन माझ्यापुढे ठेवला आणि भात गरम करायला आत गेली.