हौद्याची कल्हई



"मुलांकडून दर महिन्याला निबंध लिहून घेता, मग आई-बाबांनीच सुटी का घ्यायची?" असे वर्गाच्या बाईंनी विचारल्यावर आम्हाला पळवाट उरली नाही. विषय कोणताही चालेल, असेही त्या म्हणाल्या. आमच्या घरी गेले दोन महिने जेवणाच्या टेबलावर एकच विषय होता, तोच लिहितो: पिकअप ट्रकच्या हौद्याचे रक्षण कसे करावे?

मुलांनो, आधी दोन शब्द. ट्रकच्या मागच्या उघड्या भागाला इंग्रजीत 'बेड' म्हणतात. त्याचे मराठी 'बिछाना' करू नका. तो हौदा. हत्तीच्या पाठीवर असतो तोही हौदाच. हौद्याचे मागचे दार, जे खाली पाडून सामान चढवतात, तो फाळका. आजीने हे दोन्ही शब्द सहज वापरले, तेव्हा आमच्या धाकट्याला वाटले की ती ट्रक चालवीत असे!

हा ट्रक आमच्या कन्येचा. दोन उन्हाळे लोकांच्या बागांत माती, दगड आणि झाडांचा भुसा वाहून तिने पैसे साठवले आणि दहा वर्षांचा जुना ट्रक घेतला. आपल्या वर्गाच्या घडीच्या खुर्च्या, गणपतीचे मखर, लेझमांची खोकी याच हौद्यातून आली आहेत. आता ऑगस्टअखेर ती होटनच्या विद्यापीठात शिकायला जाणार. म्हणजे आम्हा डेट्रॉइटकरांपासून पाचशे मैलांहून दूर, १९५७ साली खुला झालेला मॅकिनॉचा प्रचंड पूल ओलांडून मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला. तिथे हिवाळ्यात दोनशे इंचांच्या आसपास बर्फ पडतो. तिला ट्रक न्यायचा होता. तिच्या आईला वाटत होते की तो विकून टाकावा. "गंजलेल्या डब्यातून एकटीने एवढ्या लांब जायचं नाही," हे आईचे वाक्य, आणि "डबा गंजलाय की नाही ते आधी बघू," हे मुलीचे.

आमच्या भागात गंजाला निमित्त लागत नाही. लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू पुरतो. त्यात मीठ मिसळले की पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. आणि मीठ तर आमच्या पायांखालीच आहे. डेट्रॉइट शहराखाली सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवर मिठाची खाण आहे. तिथले मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात, म्हणजे बर्फ वितळतो. गाड्या घसरत नाहीत, पण गंजतात.

यावर कारखानदारांनी आपापल्या परीने उपाय शोधले. पोलादी पत्र्यावर जस्ताचा थर देतात. ओरखडा पडला तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. टोयोटाने २००५ च्या टॅकोमापासून हौद्याच्या आत फायबर मिसळलेले प्लास्टिक वापरले. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० चा सांगाडा सोडून सगळा वरचा भाग, हौद्यासकट, अॅल्युमिनियमचा केला. ते लोखंडासारखे तांबडे गंजत नाही. पण २०१६ साली शेव्हरोलेने जाहिरातच काढली: उंचावरून काँक्रीटचे ठोकळे दोन्ही हौद्यांत ओतले, आणि अॅल्युमिनियमला भोके पडलेली दाखवली. प्रतिस्पर्ध्याची जाहिरात आहे हे ध्यानात ठेवून पाहावी, पण एक गोष्ट त्यातून शिकण्यासारखी आहे. गंजणे आणि पोचे पडणे हे दोन वेगळे शत्रू आहेत, आणि एका ढालीने दोघेही अडतीलच असे नाही.

आमचा हौदा पोलादी. आधीच्या मालकाने त्यात काळ्या जाड प्लास्टिकचे तयार खोके बसवले होते. वरून सगळे झकपक. हौदा दिसतच नव्हता, तर काळजी कसली? पण कन्येने स्क्रू काढले, आम्ही चौघांनी चार कोपरे धरून ते खोके वर उचलले, आणि सगळे गप्प झालो. खाली कुजलेली पाने, वाळू, दोन नाणी, आणि फाळक्याजवळ हातभर लांबीचा तांबडा पट्टा. कारण सरळ आहे. खोके पत्र्याला चिकटलेले नसते. गाडी चालली की ते थरथरते. खालची वाळू पॉलिशपेपरचे काम करते आणि रंग घासून काढते. वरून पाणी झिरपते, पानांनी निचऱ्याची भोके बुजतात, आणि ओल महिनोन्महिने तशीच राहते. झाकले म्हणून गंज दिसला नाही, आणि दिसला नाही म्हणून वाढला.

आई काही बोलली नाही. ट्रककडे बोट दाखवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी कन्या ट्रक ओळखीच्या मेकॅनिककडे घेऊन गेली आणि लिफ्टवर चढवून खालून तपासून घेतला. इथे पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: हौद्याचा गंज खर्चिक असतो, पण सांगाड्याचा गंज जिवावर बेततो. सांगाडा खणखणीत निघाला. मग हौद्यातल्या पट्ट्यावर स्क्रू ड्रायव्हरचे टोक जोर लावून टोचून पाहिले. टोक आत गेले नाही. म्हणजे गंज वरवरचा होता, पत्रा शाबूत होता. आई म्हणाली, "ठीक आहे. पण हे नीट होईपर्यंत पूल ओलांडायचा नाही."

आम्ही पडलो संगणकवाले. लगेच तक्ता मांडला. पहिला पर्याय, पुन्हा तसेच तयार खोके: स्वस्त, पोचे पडू देत नाही, पण खाली काय चालले आहे ते कळत नाही. दुसरा, जाड रबराची चटई: सामान घसरत नाही, दगडाचा मार सोसते, पण फक्त तळ झाकते. तिसरा, दुकानातून डबा आणून स्वतः ब्रशने आणि रोलरने लावायचे रबराचे कण घातलेले लुकण: स्वस्त, पण थर सगळीकडे सारखा येणे हाताच्या सफाईवर. चौथा, फवाऱ्याने मारायचे अस्तर. यात दोन रसायने तापवून मोठ्या दाबाने बंदुकीच्या तोंडाशी एकत्र करतात. पत्र्यावर पडताच काही सेकंदांत ती घट्ट होतात आणि साधारण तीन मिलिमीटरचा चिवट थर बसतो. पाणी खाली जायला फटच राहत नाही. मात्र ते महाग, एकदा मारले की निघत नाही, आणि उन्हाने फिके पडते. शिवाय त्यातली आयसोसायनेट नावाची द्रव्ये श्वासातून गेली तर दमा जडू शकतो, म्हणून हे काम श्वसनाचे खास मुखवटे वापरणाऱ्या कारागिराचे; घरच्या गॅरेजमधले नव्हे. पाचवा पर्याय, हौद्यावर ताणून बसवायचे झाकण: पाऊस अडतो, पण दगड-माती टाकायची तर आधी ते काढायला हवे.

कन्येने तक्त्यात आपला एक रकाना घातला: 'फावडे'. ज्याने हौद्यातून भुसा उपसला आहे त्यालाच हे सुचते. नालीदार तळावर फावडे अडकते. सपाट अस्तरावर सरकते. धाकट्याने रकाना घातला: 'गुडघे'. खरखरीत अस्तरावर गुडघे सोलतात म्हणे. दोन्ही ग्राह्य धरले!

फवाऱ्याचे अस्तर मारणाऱ्या एका दुकानात आम्ही गेलो. तिथला माणूस गंजाच्या पट्ट्याकडे पाहून म्हणाला, "त्यात काय? वरून मारतो, झाकून जाईल. उद्या न्या." भावही उतरवला. कन्येच्या हातात दिवस थोडे होते आणि पैसेही मोजकेच. आम्ही तिच्याकडे पाहिले. पैसे तिचे, ट्रक तिचा, निर्णयही तिचाच. ती म्हणाली, "विचार करून सांगते."

घरी आल्यावर तिने सगळे आजीला सांगितले. आजी कराडहून आल्या आहेत. त्यांना ट्रकमधले फारसे कळत नाही, पण अस्तरातले पक्के कळते. त्या म्हणाल्या, "अगं, ही तर कल्हईच की!" मुलांनो, पितळेच्या पातेल्यात चिंचेची आमटी किंवा ताक ठेवले तर आंबटपणामुळे धातूचा अंश अन्नात उतरतो आणि ते कळकते, म्हणजे खाण्याजोगे राहत नाही. म्हणून पातेल्याला आतून कथलाचा थर देत. कल्हईवाला दारात खड्डा करून भट्टी पेटवायचा, भात्याने फुलवायचा, पातेले तापवून त्यात नवसागर टाकायचा, आणि कथील लावून कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचा. काळे पातेले आतून चांदीसारखे लखलखायचे. "पण आधी घासूनपुसून स्वच्छ करायचा हं," आजी म्हणाल्या, "मळावर कल्हई धरत नाही. धरली तरी आठवड्यात सुटते."

कन्येने दुकानाला नाही कळवले.

पुढचे दोन शनिवार-रविवार आमचे अंगण म्हणजे कल्हईवाल्याची भट्टीच होती. गॉगल आणि मास्क लावून कन्येने यंत्राला तारेचा ब्रश बसवून गंज खरवडला, मग जाड पॉलिशपेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला. खोलगट जागी उरलेल्या गंजावर त्याला काळ्या, स्थिर थरात बदलणारे रसायन लावले. ते वाळल्यावर इपॉक्सीचा प्रायमर. निचऱ्याची भोके तारेने मोकळी केली. धाकट्याने पाण्याचा पाइप धरून पाणी कुठून कुठे जाते ते दाखवले. आईने टॉर्च घेऊन फाळक्याखालची फट इंच न् इंच पाहिली आणि एक जागा पुन्हा घासायला लावली. दुसऱ्यांदा पाहून मान हलवली, तेव्हा कुठे काम पुरे झाले.

मग दुसऱ्या दुकानातून फवाऱ्याचे अस्तर मारून घेतले. तिथल्या कारागिराने आमचा प्रायमर नखाने खरवडून पाहिला, तो सुटत नाही याची खात्री केली आणि मगच कामाला घेतला. वर दगडांचा मार सोसायला रबराची चटई टाकली आहे. तिच्याखालीही ओल राहू शकते, म्हणून दर महिन्याला ती उचलायची, खाली पाहायचे, आणि आईला फोन करून सांगायचे, असा करार झाला आहे. हिवाळ्यात मागच्या चाकांवर वजन यावे म्हणून हौद्यात वाळूची पोती बांधायची, हेही करारात आहे. आईने वाळूसोबत लाडवांचा डबाही लिहिला आहे. त्याने चाकांवर कितपत वजन येईल ते आम्ही मोजलेले नाही.

तर मंडळी, यंदा गणपतीच्या खुर्च्या आणायला हा ट्रक मिळणार नाही. तो तोवर पुलापलीकडे गेलेला असेल. ज्यांच्याकडे पिकअप असेल त्यांनी बाईंकडे नाव द्यावे. आणि हौद्यात काळे खोके बसवलेले असेल तर या रविवारी ते एकदा उचलून जरूर पाहावे. तारेचा ब्रश, गॉगल आणि उरलेला प्रायमर आमच्याकडे आहे. चहा आजी देतील.