टाकीतील शिल्लक

चातुर्मासात अंगणातील हिरवळीला आम्ही हात लावत नाही. ओल्या गवतात असंख्य जीव असतात, म्हणून गवत कापण्याचे पेट्रोलवरील यंत्र चार महिने मागच्या खोलीत झाकलेले असते. गेल्या वर्षी कार्तिकी पौर्णिमेनंतर ते बाहेर काढले, गवत कापले आणि सायंकाळी परत खोलीत लोटून दिले.

त्याच खोलीत आमची चूल आहे. सौभाग्यवती उकळलेलेच पाणी घेतात, त्यामुळे ती पहाटे पेटते. दुसऱ्या दिवशी काडी ओढण्यापूर्वी त्यांना पेट्रोलचा वास आला व त्यांनी मला हाक मारली. यंत्राखालची फरशी ओली झाली होती. विजेच्या बटणाची ठिणगीही पुरेशी ठरते, म्हणून दिवा लावला नाही. दारे-खिडक्या उघडल्या, कॉक बंद करून यंत्र अंगणात ओढले आणि सांडलेल्या पेट्रोलवर कोरडी वाळू टाकली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते. चूल तिथून अवघ्या चार पावलांवर होती.

सोनईत फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडला. चार महिने साठून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर आत बसला होता. फ्लोट वर आला की निडलने पेट्रोलची वाट बंद करायची. ती नीट बसत नसल्याने पेट्रोल वाहत राहिले. रबरी नळीलाही चिरा होत्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासून बनते, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. पण ते हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही. मिस्त्रींनी थर साफ केला, निडल, नळी व क्लिप बदलली आणि म्हणाले, “काका, ठेवताना टाकी रिकामी करत जा.”

आयुष्यभर बँकेत शिल्लक तपासली. टाकीतली मात्र पाहिली नाही.

यंत्र बंद ठेवले म्हणजे अहिंसा पाळली, असे मी समजत होतो. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला कारणस्थानी ठेवले आहे, हे व्याख्यानांत अनेकदा ऐकले होते. अर्थ त्या पहाटे कळला. गवतातील जीव वाचवले आणि घरातील जीव धोक्यात घातले. सांडलेले पेट्रोल मातीत मुरले असते, तर तेथील जीवही गेले असते.

आता चौमासी चतुर्दशीपूर्वी मी टाकी उघड्यावर रिकामी करतो, उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवतो, कॉक बंद करतो आणि नळी बोटांनी वाकवून चिरा पाहतो. पेट्रोल भरायचे ते इंजिन गार झाल्यावरच. यंत्र चुलीच्या खोलीत ठेवत नाही. जतना म्हणतात ती हीच असावी.

त्या पहाटेबद्दल सौभाग्यवतींना मी मनापासून ‘मिच्छा मि दुक्कडम्’ म्हटले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आधी कॉक बंद आहे का ते पाहून या.”