झोळीचा स्टँड आणि चौथीचा वर्ग

ऊसतोडीच्या पट्ट्यात शिकवणाऱ्यांना हे नवं नाही. दिवाळीनंतर पटावर नावं वाढतात, पण त्यातल्या थोरल्या मुली वर्गात क्वचित दिसतात. आईवडील पहाटेच फडात जातात आणि तान्हं भावंड मुलीच्या कडेवर. आमच्या चौथीतली एक मुलगी अशीच आठवड्यातून दोन दिवस यायची. खोपीवर गेलो, तर तिची आई म्हणाली, "गुर्जी, बारक्याला कोन बघंल?" मी म्हटलं, त्यालाही घेऊन येऊ दे.

तो आला. पण झोळीशिवाय त्याला झोप नाही. आणि शाळेत झोळी बांधायची कुठं? वर्गाला स्लॅब, वर कडी नाही. खिडकीचे गज हलतात. लिंबाचं झाड मैदानाच्या पार टोकाला. तिथं झोका देत बसली तर ती वर्गाबाहेरच. म्हणून उचलून नेता येईल असा पाइपचा स्टँड करायचं ठरवलं, आणि हिशेब सातवीच्या मुलांवर सोपवला.

एक इंची जीआय पाइप 6 मीटरचा मिळतो. त्याचे 4 पाय, प्रत्येकी दीड मीटरचे. दुसऱ्या पाइपातून दीड मीटरची वरची आडवी नळी आणि पायांना खाली जोडणाऱ्या 90 सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या. दोन पाय वर जुळवून, खाली 90 सेंटिमीटर फाकवले की एक घोडी तयार. तिची उंची किती? मुलांनी पायथागोरस लावला: कर्ण 1.5, पाया 0.45, उंची साधारण 1.43 मीटर. पुस्तकातला त्रिकोण असा कामाला आला की शिकवण्याचं निम्मं काम होतं, हे पालकांनीही बघावं.

एकानं विचारलं, "सर, पाय सरळच का नको?" खराट्याच्या काड्या सुतळीनं बांधून करून बघायला लावलं. झोका ज्या दिशेला जातो, त्याच दिशेला पाय फाकलेले हवेत, नाहीतर सगळं कलंडतं. हे त्यांनीच शोधलं.

वेल्डिंग मात्र दुकानातच. जीआयवरचा जस्ताचा थर जळला की निघणारा धूर वाईट. कारागिरानं आधी जोडाजवळचा थर घासून काढला, मुलांना मी लांब उभं केलं. घोड्यांच्या माथ्यावर सव्वा इंची पाइपचा वीतभर तुकडा जोडला. आडवी नळी त्यात सरकते आणि नट-बोल्टनं आवळली जाते. बोल्ट काढले की तीन सुटे भाग, दोन मुलं उचलून नेतात. पायांना रबरी बूच, जोडांना रेड ऑक्साइड.

बाळाआधी 40 किलोचं वाळूचं पोतं टांगून अर्धा तास हलवलं. बाळ जेमतेम 8 किलोचं, तरीही. झोळीचा तळ जमिनीपासून हातभरच वर ठेवला. बाळ धरून उभं राहायला लागलं की झोळी बंद, हे आईलाही सांगून ठेवलंय. लुगड्याची गाठ त्या मुलीनंच मारली; माझ्या गाठीवर तिचा भरवसा नव्हता.

एक सहकारी म्हणाले, शाळेचं पाळणाघर करताय. खरंय, पाळणाघर फडाजवळच असायला हवं, आणि ते मागत राहायलाच हवं. पण ते होईस्तोवर तिची चौथी थांबत नाही. बारक्या पाऊण तास झोपतो. एका हातानं दोरी ओढत तिनं या महिन्यात दोन अंकी भागाकार पुरा केला.