ह्यूस्टनचे रॉथ्को चॅपल : मूर्तीविना उपासनागृह

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन हे तेलाच्या व्यापारावर वाढलेले शहर. रुंद रस्ते, उंच इमारती आणि अखंड धावणाऱ्या मोटारी हे त्याचे प्रथमदर्शनी रूप. याच शहराच्या मॉन्ट्रोज नावाच्या भागात मात्र झाडांच्या सावलीतील बैठी घरे आणि हिरवळ लागते. त्या हिरवळीच्या कडेला एक अष्टकोनी, विटांची, बाहेरून खिडकी न दिसणारी वास्तू उभी आहे. शिखर नाही, घंटा नाही, क्रूस नाही. नवखा माणूस तिला एखादे गोदाम समजून पुढे निघून जाईल. हेच रॉथ्को चॅपल. गेल्या पन्नासाहून अधिक वर्षांत कला आणि अध्यात्म यांच्या नात्याविषयी जगात जी चर्चा झाली, तीत या लहानशा वास्तूचे नाव वारंवार येते.

प्रवेशासाठी शुल्क नाही. दालनाबाहेरच्या जागेत निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ ठेवलेले असतात. ज्याला हवा त्याने आपला ग्रंथ घ्यावा आणि आत जाऊन बसावे. आत साधी लाकडी बाके आणि ध्यानाला बसण्यासाठी काही आसने, एवढीच व्यवस्था. आठही भिंतींवर चित्रे आहेत. ती एकूण चौदा असून त्यांपैकी काही सुमारे पंधरा फूट उंचीची आहेत. तीन भिंतींवर तीन-तीन चित्रांचे गट आणि उरलेल्या पाच भिंतींवर एकेक चित्र, अशी त्यांची मांडणी आहे. या चित्रांत माणूस नाही, देव नाही, झाड नाही, अक्षर नाही. सात चित्रे गडद जांभळट रंगाची, तर उरलेल्या सातांत लालसर तपकिरी कडेच्या आत काळा आयत आहे. याशिवाय काही नाही.

आत पाऊल टाकताच बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया निराशेची असते. ‘हे तर नुसते काळे पडदे!’ असे उद्गार अनेकांच्या तोंडून निघतात. छतातून येणारा दिवसाचा उजेड हाच येथील मुख्य प्रकाश. डोळे त्या मंद उजेडाला सरावले की एकसंध वाटणारा काळा रंग हळूहळू उलगडू लागतो. त्यात जांभळा दिसतो, तांबडा दिसतो, कुंचल्याचे फिकट थर दिसतात. आकाशात ढग आला की भिंती दूर गेल्यासारख्या वाटतात. ऊन पडले की जवळ येतात. चित्र तेच असते, बदलतो तो प्रकाश आणि पाहणाऱ्याची दृष्टी. पाच मिनिटांत परतणाऱ्याला येथे काहीच मिळत नाही. जो थांबतो त्याला निदान एवढे कळते, की आपले पाहणे किती उतावळे होते.

या वास्तूमागचे दाते जॉन आणि डोमिनिक द मेनिल हे मूळचे फ्रेंच दांपत्य. डोमिनिक ही कॉनराड श्लुंबर्जे यांची कन्या. कॉनराड आणि त्यांचे बंधू मार्सेल यांनी जमिनीखालील थरांची विजेच्या साहाय्याने पाहणी करण्याची पद्धत शोधून तिचा मोठा व्यवसाय उभा केला. तेलविहिरींच्या कामात ही पद्धत अपरिहार्य ठरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे दांपत्य अमेरिकेत आले आणि ह्यूस्टनमध्ये स्थिरावले. धन होते, श्रद्धाही होती. परंतु कलेची दृष्टी त्यांना मुख्यतः मारी-आलँ कुतुरिए या डोमिनिकन पंथाच्या फ्रेंच धर्मगुरूंकडून मिळाली.

कुतुरिए यांचे म्हणणे त्या काळी धक्कादायक होते. चर्चमधील बहुतेक नवी चित्रे आणि मूर्ती जुन्याची निर्जीव नक्कल झाल्या आहेत. श्रद्धाळू पण सामान्य कारागिराकडून काम करून घेण्यापेक्षा आजच्या काळातील श्रेष्ठ कलावंताला बोलवावे, मग तो आपल्या धर्माचा असो वा नसो, असे ते आग्रहाने मांडत. फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील आसी येथील चर्चमध्ये त्यांनी हा विचार प्रत्यक्षात आणला. तेथे मार्क शागाल आणि जाक लिपशित्झ या ज्यू कलावंतांनी काम केले आणि दर्शनी भिंतीवरील चित्र साम्यवादी विचारांच्या फर्नां लेजे यांनी साकारले. १९५०मध्ये ते चर्च उपासनेसाठी खुले झाले. परंतु जर्मेन रिशिए या शिल्पकार स्त्रीने घडवलेला ख्रिस्त अनेक भाविकांना विद्रूप वाटला. तक्रारी झाल्या आणि १९५१मध्ये तो वेदीवरून हलवण्यात आला. पुढे कित्येक वर्षांनी तो पुन्हा आपल्या जागी आला. कलावंताला स्वातंत्र्य द्यायचे तर भाविकाच्या मनाला केव्हा तरी ठेच लागणार, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. कुतुरिए १९५४मध्ये निवर्तले. त्यांचा विचार मात्र द मेनिल दांपत्याने ह्यूस्टनमध्ये पुढे नेला.

१९६४मध्ये त्यांनी मार्क रॉथ्को या चित्रकाराला काम सोपवले. रॉथ्को यांचा जन्म १९०३मध्ये तत्कालीन रशियन साम्राज्यातील, आज लॅटव्हियात असलेल्या गावी, ज्यू कुटुंबात झाला. लहानपणी धार्मिक पाठशाळेत शिकलेला हा मुलगा दहाव्या वर्षी अमेरिकेत आला. पुढे रंगांच्या मोठ्या, धूसर आयतांसाठी त्याची ख्याती झाली. न्यूयॉर्कमधील एका महागड्या उपाहारगृहासाठी त्यांनी मोठी चित्रमालिका रंगवायला घेतली होती. परंतु त्या जागी आपली चित्रे लागू नयेत असे वाटून त्यांनी करार मोडला आणि घेतलेली रक्कम परत केली. आपल्या चित्रांसमोर ज्यांना रडू येते, त्यांना मला चित्र काढताना आलेलाच धार्मिक अनुभव येतो, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले होते. अशा माणसाला चॅपलचे काम म्हणजे जणू आयुष्यभर हवी असलेली जागा मिळाली.

न्यूयॉर्कमधील आपल्या कार्यशाळेत त्यांनी नियोजित दालनाच्या भिंती खऱ्या मापात उभ्या केल्या. छतातून येणारा उजेड मंद करण्यासाठी तेथे पॅराशूटचे कापड ताणले. प्रथम नेमलेले प्रसिद्ध वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांना इमारतीवर उंच टोकदार छत हवे होते. रॉथ्को यांना मात्र वास्तूने मिरवू नये, असे वाटे. मतभेद विकोपाला गेले तेव्हा दात्यांनी चित्रकाराची बाजू घेतली. जॉन्सन दूर झाले आणि हॉवर्ड बार्नस्टन व यूजीन ऑब्री यांनी काम पूर्ण केले. चित्रे १९६७मध्येच तयार झाली होती. परंतु वास्तू उभी राहिलेली पाहणे चित्रकाराच्या नशिबी नव्हते. आजार आणि खिन्नता यांनी ग्रासलेल्या रॉथ्को यांनी २५ फेब्रुवारी १९७० रोजी स्वतःच्या हाताने जीवन संपवले. बरोबर एका वर्षानंतर, फेब्रुवारी १९७१च्या अखेरीस, चॅपलचे उद्घाटन झाले.

मूळ योजना कॅथलिक प्रार्थनागृहाची होती. प्रत्यक्षात ते सर्व धर्मांचे आणि कोणताही धर्म न मानणाऱ्यांचेही स्थान म्हणून खुले झाले. उद्घाटनप्रसंगी डोमिनिक यांनी मांडलेला विचार असा होता, की आपण प्रतिमांच्या गर्दीत वावरतो आणि दिव्यत्वाच्या उंबरठ्यापर्यंत आज कदाचित निराकार कलाच नेऊ शकेल. १९७३मध्ये येथे निरनिराळ्या धर्मपरंपरांतील चिंतन आणि कर्म या विषयावर परिसंवाद झाला. पुढे दलाई लामा येथे आले. १९९१मध्ये नेल्सन मंडेला यांनी येथे भाषण केले. समोरच्या पाण्याच्या कुंडात बार्नेट न्यूमन यांचे ‘भग्न स्तंभ’ या अर्थाच्या नावाचे पोलादी शिल्प उभे आहे. पिरॅमिडच्या टोकावर उलटा, वर तुटलेला स्तंभ तोललेला आहे. हे शिल्प डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मृतीस अर्पण करावे, अशी दात्यांची अट शहराने मान्य केली नाही. तेव्हा त्यांनी ते स्वतः विकत घेऊन चॅपलसमोर बसवले. मौनाच्या दालनाबाहेर न्यायाचा प्रश्न उभा आहे, ही योजना अर्थपूर्ण आहे.

या वास्तूवरील आक्षेपही दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. काहींना या चित्रांत अध्यात्म दिसत नाही, एका दुःखी माणसाची निराशा दिसते. काही श्रद्धाळू विचारतात, की जेथे आराध्य नाही, मंत्र नाही, विधी नाही, तेथे उपासना कोणाची करायची? रिकामी जागा म्हणजे अध्यात्म नव्हे, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. शांतता विकत घेता येते. साधना विकत घेता येत नाही.

जैन वाचकाला हा वाद अगदी परका वाटण्याचे कारण नाही. एकाच धर्मात मूर्तिपूजक परंपरा आहे आणि मूर्तीवाचून स्थानकात सामायिक करणारी स्थानकवासी परंपराही आहे. एकाच व्यापारी कुटुंबात माहेर मंदिराचे आणि सासर स्थानकाचे, असेही घडते आणि दोन्हीकडे सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचेच असते. शिवाय दिगंबर मंदिरांत सिद्धांची एक विलक्षण प्रतिमा आढळते. धातूच्या पत्र्यातून उभ्या मानवाकृतीचा आकार कापून काढलेला असतो. भोवती धातू, मध्ये मोकळी जागा. देह गळून पडलेल्या मुक्त आत्म्याला आकार कसा द्यावा, या प्रश्नाला आपल्या कारागिरांनी दिलेले हे उत्तर. पाहणारा त्या पोकळीतून पलीकडचे पाहतो आणि तिलाच वंदन करतो. विसाव्या शतकातील चित्रकार ज्या प्रश्नाशी झुंजला, तो आपल्या कासारांना नवा नव्हता.

मात्र दोन्ही रिकामेपण एकच आहेत, असे म्हणणे घाईचे ठरेल. सिद्धप्रतिमेतील पोकळी ही उणीव नव्हे; तेथे अनंत ज्ञान आणि अनंत सुख आहे, अशी परंपरेची निःशंक धारणा आहे. तिच्यामागे मंत्र आहे, व्रत आहे, पिढ्यांचा अभ्यास आहे. रॉथ्को यांच्या काळ्या आयतामागे काय आहे, हे चित्रकाराने सांगितलेले नाही. तेथे माणूस आपल्या प्रश्नासह एकटा बसतो. एक स्थान उत्तर देते, दुसरे प्रश्न जागा ठेवते. दोन्ही आपापल्या दृष्टीने सत्याचा अंश दाखवतात, असे मानण्याची सवय अनेकान्ताने जैनांना लावलेली आहेच.

दात्यांच्या बाबतीत मात्र तुलना अधिक जवळची आहे आणि अधिक बोचणारीही. अबूवरील विमलवसही १०३१च्या सुमारास आणि लूणवसही तेराव्या शतकात उभी राहिली तेव्हा ती त्या काळची नवी कला होती. संगमरवर इतका कोरण्याचे धाडस मंत्री विमल, वस्तुपाल आणि तेजपाल यांनी आपल्या कारागिरांना करू दिले. राणकपूरच्या १४३९च्या शिलालेखात धरणाशाह या दात्याबरोबर देपाक या सूत्रधाराचेही नाव आहे. धन देणारा आणि हात चालवणारा, दोघांची नोंद एकाच शिळेवर झाली. आज गावोगावी आणि परदेशातही मंदिरे उभी राहतात, कोट्यवधींचा निधी श्रद्धेने जमतो. देणगीदारांची नावे पायरीपासून पंख्यापर्यंत असतात. पण स्थपतीचे नाव शोधावे लागते. जुन्या शिल्पाची प्रतिकृती म्हणजेच परंपरा, असे धरून चालण्यात सोय आहे आणि भक्तीही आहे. मूर्तीचे शास्त्रोक्त प्रमाण बदलू नये, हेही योग्यच. परंतु मंडपातील प्रकाश, भिंतीवरील कथाचित्रे, स्वाध्यायाची खोली, या ठिकाणी आजच्या उत्तम कलावंताला विश्वासाने बोलावण्यास शास्त्राची आडकाठी नाही. आडकाठी असेल तर ती धैर्याची आहे. विश्वास टाकला की आसीसारखा वाद होऊ शकतो, हा धोका समजूनच ते धैर्य करावे लागते.

अशी वास्तू उभारून काम संपत नाही. टेक्सासच्या कडक उन्हामुळे छतातील प्रकाशयोजना येथे अनेकदा बदलावी लागली. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२०मध्ये दालन पुन्हा खुले झाले. २०२४च्या बेरिल वादळात छतातून पाणी शिरून काही चित्रांना इजा पोहोचली, तेव्हा ते पुन्हा काही महिने बंद ठेवावे लागले. जीर्णोद्धार हा धर्मस्थळाच्या खर्चाचा कायमचा रकाना आहे, हे विश्वस्त मंडळींना वेगळे सांगावयास नको.

नोकरी-व्यवसायानिमित्त ह्यूस्टनमध्ये अनेक जैन कुटुंबे स्थायिक झाली आहेत. मुला-नातवंडांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांनी अंतराळ केंद्राच्या सहलीबरोबर एक सकाळ या स्थळासाठी राखून ठेवण्यास हरकत नाही. घड्याळ लावून दोन घडी बसावे. चित्रे आवडलीच पाहिजेत, असे बंधन नाही. आवडली नाहीत तरी घरी आल्यावर नातवंडांशी एक गोष्ट जरूर बोलावी : आपल्या घरची देणगी पुढच्या मंदिराला जाईल, तेव्हा त्या शिळेवर कोणत्या कलावंताचे नाव असेल?